तुमच्या आजोबांचं ओडनर मशीन आणि हातच्याचा इतिहास

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या ट्रंकेत एक काळं, जड यंत्र निघालं. समोर 'ओडनर' असं नाव आहे, उजवीकडे दांडा आहे, तो अर्धा फिरतो आणि अडतो. आजोबा बँकेत होते. तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: याला कॉम्प्युटरचा पूर्वज म्हणायचं का, गणकयंत्रांच्या इतिहासात शिरायचं तर कुठून, आणि हे यंत्र पुन्हा चालेल का.

आधी एक विनंती. दांडा जिथे अडलाय तिथेच राहू द्या. जोर लावू नका, कुणाला लावू देऊ नका. ही यंत्रं म्हातारपणाने मरत नाहीत, अडलेल्या दांड्यावर कुणीतरी ताकद लावतं त्याने मरतात. दुरुस्तीचं शेवटी सांगतो.

मी १९७४ साली पुण्यात लक्ष्मी रस्त्यालगतच्या एका दुकानात उमेदवार म्हणून लागलो. टाइपरायटर, चेक छापायची यंत्रं आणि ही दांड्याची गणकयंत्रं आमच्याकडे यायची. बँका, विमा कचेऱ्या, कॉलेजांचे संख्याशास्त्र विभाग, साखर कारखाने, सगळीकडे ती होती. पुढे ती बंद झाली, पण माझ्या टेबलावर आजही दोन-तीन उघडी पडलेली असतात. त्यामुळे मी जे सांगणार ते पेचांच्या बाजूने पाहिलेलं आहे.

इतिहास वाचायला बसलात की नावांची रांग समोर येते: पास्कल, लायब्निझ, बॅबेज, एनियाक. साल पाठ होतं, चित्र पाहून होतं आणि हाती फारसं काही लागत नाही. माझं सांगणं असं की एकाच प्रश्नाचं बोट धरा: या यंत्रात हातचा कोण घेतं?

४७ आणि ३८ मिळवताना आपण म्हणतो, सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक. आकडा धरणं यंत्राला सोपं असतं. दहा घरांचं चक्र सात घरं सरकवलं की सात झाले. खरी कसोटी पुढे आहे. ते चक्र ९ वरून ० वर आलं की शेजारच्या चक्राला नेमकं एक घर पुढे जायला हवं. दोन नाही, अर्धं नाही. आणि शेजारच्या चक्रात त्याच फेरीत त्याचे स्वतःचे आकडेही भरले जात असतात. आता ९९९९९९९९ मध्ये १ मिळवा. आठ हातचे, एकामागोमाग, एकाच फेरीत. कारागिरांची साडेतीनशे वर्षं या एका बेरजेत गेली आहेत.

जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या विल्हेल्म शिकार्डने १६२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ केपलरला पत्राने कळवलं की त्याने बेरीज-वजाबाकी करणारं यंत्र केलंय. हातच्यासाठी त्याने चक्राला एक जादा दात दिला होता. चक्राची एक फेरी पूर्ण झाली की तो दात मधल्या चाकामार्फत शेजाऱ्याला ढकलायचा. युक्ती सरळ आहे, पण हातच्यांची साखळी लागली की सगळ्या चक्रांचं वजन पहिल्या चक्राच्या दातावर येतं. त्याचं यंत्र सहाच घरांचं होतं. त्यापुढे हातचा गेला की घंटी वाजायची, आणि किती वेळा गेला ते लक्षात ठेवायला बोटांत पितळी कड्या घालायच्या. हातचा खरोखरच हातावर! केपलरसाठी घडवत असलेलं दुसरं यंत्र १६२४ मध्ये आगीत गेलं आणि पुढे तीन शतकं हे काम विसरलं गेलं.

फ्रान्सच्या पास्कलला शिकार्डचं काही माहीत नव्हतं. त्याचे वडील रुआं इथे करवसुलीवर होते, आणि त्यांच्या हिशेबांचा डोंगर पाहून १६४२ मध्ये, वयाच्या विशीच्या आत, त्याने काम सुरू केलं. पास्कलचा हातचा मला आजही देखणा वाटतो. चक्र पुढे जाताना एक वजनदार तरफ थोडी थोडी वर उचलली जाते. ९ वरून ० वर येताच ती सुटते आणि खाली पडता पडता शेजारच्या चक्राला एक घर ढकलते. म्हणजे हातच्याला लागणारी ताकद आधीच साठवून ठेवलेली असते. आठ हातचे लागले तरी बोटाला जास्त जोर पडत नाही, प्रत्येक घराचं वजन आपापलं काम करतं. पण तरफ एकाच दिशेने पडते, म्हणून चक्रं उलटी फिरत नाहीत. वजाबाकीसाठी त्याने नऊचे पूरक अंक (प्रत्येक अंक नवातून वजा केला की उरतो तो) वापरले: वजा करायच्या संख्येऐवजी तिचा पूरक घेऊन बेरीजच करायची. आजचा कॉम्प्युटर दोनाच्या पायावर हेच करतो.

हिशेबासाठीच्या त्याच्या यंत्रांत उजवीकडची दोन चक्रं दहाची नव्हती. एक १२ चं, एक २० चं, कारण तेव्हाच्या फ्रेंच चलनात १२ दनिएचा एक सू आणि २० सूंचा एक लिव्र. आपल्याकडे १२ पैंचा आणा आणि १६ आण्यांचा रुपया होता तेव्हा हीच अडचण होती. दहाच्या चक्राला आणे-पै कळत नाहीत. कारकुनांना आधी आणे-पै दशांशात बदलून घ्यावे लागत, नाहीतर तो भाग तोंडीच करायचा, आणि पावकी-निमकीचे पाढे पाठ असलेला माणूस तो यंत्राआधी करायचाही. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि त्या दिवसापासून ओडनरसारखं यंत्र आपल्या खातेवहीला सरळ लागू पडलं. तुमच्या आजोबांचं यंत्र त्याआधीचं असेल, तर त्यांनी हे दोन्ही काळ एकाच दांड्यावर पाहिले असतील.

जर्मन तत्त्वज्ञ आणि गणिती लायब्निझचं मोठेपण गुणाकारात आहे. त्याने पायऱ्यापायऱ्यांचे दात असलेला दंडगोल काढला. नऊ दात, प्रत्येक आधीच्यापेक्षा आखूड. समोरचं चाक दंडगोलावर जिथे सरकवाल तितके दात त्याला लागतात. आकडा एकदा लावला की दांडा हवा तितक्या वेळा फिरवायचा. १६७३ मध्ये लंडनला रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे त्याने नमुना दाखवला. पण हातच्याने त्यालाही दगा दिला. हातच्यातून पुन्हा हातचा निघाला की तो अर्ध्यावर थांबायचा. तो अडकलाय हे दाखवायला यंत्रावर पंचकोनी चकत्या होत्या. चकतीचा कोपरा वर आलेला दिसला की माणसाने ती बोटाने पुढे करायची. एवढ्या बुद्धिमान माणसाने उरलेलं काम बोटावर सोपवलं, यावरून प्रश्न किती चिवट होता ते लक्षात येईल. हा दंडगोल बाजारात चालेल असा केला तो फ्रान्सच्या थॉमस द कोल्मारने. १८२० मध्ये पेटंट घेतलं, १८५१ च्या सुमारास खरी विक्री सुरू झाली, आणि विमा कंपन्यांनी ती यंत्रं उचलली.

आता तुमच्या यंत्राकडे येऊ. विलगोट ओडनर हा स्वीडिश तंत्रज्ञ सेंट पीटर्सबर्गला नोबेलांच्या कारखान्यात होता. १८७१ मध्ये थॉमसचं एक यंत्र दुरुस्तीला म्हणून त्याच्या हाती आलं. उघडून पाहिल्यावर त्याला वाटलं, हे याहून सोपं आणि लहान होऊ शकतं. दुरुस्तीच्या टेबलावर सुरू झालेला शोध म्हणून मला तो जवळचा वाटतो. लांब दंडगोलाऐवजी त्याने पातळ चकती घेतली, जिच्या काठातून दात बाहेर येतात आणि आत जातात. तुमच्या यंत्राच्या समोरच्या खाचेतली तरफ ७ वर ओढलीत की आत त्या घराच्या चकतीतून सात दात बाहेर येतात. दांडा एकदा फिरवला की ते सात दात खालच्या आकड्याच्या चक्राला सात घरं नेतात. अशा चकत्या एकमेकींना खेटून बसतात, म्हणून सगळं यंत्र एका हातावर मावेल एवढं झालं. १८९० पासून पीटर्सबर्गला त्याचं मोठं उत्पादन सुरू झालं, जर्मनीत ब्राउनश्वाइगला ब्रुन्सविगा नावाने तीच रचना आली. रशियन क्रांतीनंतर घराणं स्वीडनला परतलं आणि गोटेनबर्गला कारखाना उभा राहिला.

यातला हातचा जवळून पाहण्यासारखा आहे. खालचं चक्र ९ वरून ० वर जाताना एक लहानशी तरफ ढकलतं. ती फक्त वाकडी होऊन उभी राहते. हातचा अजून दिलेला नाही, 'द्यायचा आहे' एवढी खूण झाली. सगळ्या घरांचे आकडे भरून झाले की त्याच फेरीच्या शेवटच्या भागात प्रत्येक चकतीवरचा एक जादा, स्प्रिंगवरचा दात येतो. तरफ सरळ असेल तर तो नुसता निघून जातो. वाकडी असेल तर तिला घासून बाजूला सरकतो आणि पुढच्या चक्राला एक घर देतो. हे जादा दात गोल जिन्यासारखे एकामागे एक लावलेले असतात, म्हणून एककाचा हातचा आधी, दशकाचा नंतर, शतकाचा त्यानंतर. वजाबाकीला दांडा उलटा फिरतो, तेव्हा दुसऱ्या बाजूचे जादा दात कामाला येतात. आवरण काढून दांडा सावकाश फिरवलात तर नव्वाण्णवांच्या साखळीत ते दात टिक, टिक, टिक करत उजवीकडून डावीकडे धावत गेलेले ऐकू येतात. तो आवाज ज्याने ऐकला त्याला हातचा पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

या तरफेने मला पहिल्याच वर्षी धडा दिला. एका बँकेच्या शाखेतून यंत्र आलं. तक्रार अशी की व्याजाच्या बेरजा कधीकधी बरोबर १०,००० ने कमी येतात. सकाळी चुकतं, दुपारी बरोबर. डिसेंबर होता. ते यंत्र महिन्यापूर्वी मीच साफ केलं होतं, आणि चांगलं चालावं म्हणून सगळीकडे भरपूर तेल सोडलं होतं. त्या तेलात धूळ बसून चिकटा झाला होता. गारठ्यात दहा हजारांच्या घराची तरफ पूर्ण वाकायची नाही, दात नुसता निघून जायचा आणि हातचा हरवायचा. दुपारी उबेने सगळं सुटं. शाखेत मात्र तोवर एका कारकुनाच्या बेरजांवर संशय घेऊन झाला होता. आमच्या मिस्त्रींनी मला त्या शाखेत नेलं आणि त्या गृहस्थांसमोर सगळं सांगायला लावलं. मी सांगितलं. तेव्हापासून हातच्याच्या तरफेवर मी तेल घालत नाही.

आता बॅबेज, एकोणिसाव्या शतकातला इंग्रज गणिती. त्याच्याबद्दल 'काळाच्या पुढे होता, यंत्र झालंच नाही' एवढंच लोक सांगतात, पण त्याच्या आराखड्यात हातचा पाहा. १८४७ ते १८४९ मध्ये आखलेल्या त्याच्या दुसऱ्या डिफरन्स इंजिनात, म्हणजे गणिती कोष्टकं काढायच्या यंत्रात, ३१ अंकी संख्या आहेत. त्यानेही आधी फक्त खूण करून ठेवायची आणि मग वळणदार रांगेत लावलेल्या बाहूंनी एकेका घराचा हातचा द्यायचा, अशीच दोन टप्प्यांची रचना केली. लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच्या मूळ आराखड्यांवरून गणनेचा भाग १९९१ मध्ये, त्याच्या जन्माच्या द्विशताब्दीला, बांधून पूर्ण केला आणि तो बरोबर चालला. म्हणजे कल्पना पक्की होती. कमी पडले ते पैसे, आणि कारागिराबरोबरचं त्याचं न जमलेलं गणित. कार्डांवरच्या सूचनांनी चालणाऱ्या त्याच्या ॲनालिटिकल इंजिनात तर हातच्यांची साखळी आधीच ओळखून सगळे हातचे एकदम द्यायचे अशी योजना होती. या एका भागावर त्याने किती आराखडे काढले असतील ते पाहिलं की मन भरून येतं.

मग एनियाक, अमेरिकेतला सुरुवातीचा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर. फिलाडेल्फियात १९४५ मध्ये तयार झालं, १९४६ च्या फेब्रुवारीत जगापुढे आलं. साधारण १८,००० व्हॅक्यूम ट्यूब, ३० टन वजन, सेकंदाला ५,००० बेरजा. त्याच्या बेरजेच्या विभागात डोकावलं तर ओळखीची मंडळी भेटतात. प्रत्येक अंकासाठी दहा टप्प्यांचं वर्तुळ, विजेचा एक स्पंद आला की एक घर पुढे. ९ वरून ० झालं की एका वेगळ्या सर्किटमध्ये फक्त खूण राहते, आणि सगळे अंक भरून झाल्यावर हातचा दिला जातो. ओडनरची वाकडी तरफच ती, पितळेऐवजी ट्यूबमध्ये.

तर मग तुमचा पहिला प्रश्न: हा कॉम्प्युटरचा पूर्वज का? माझ्या मते अर्धा. कसं ते तुमच्या यंत्रावर भागाकार करून पाहिलात तर कळेल. भाज्य खालच्या घरांत, भाजक तरफांवर, दांडा उलटा फिरवत वजा करत जायचं. एक फेरी जास्त झाली की संख्या शून्याखाली जाते, डावीकडे नवांची रांग येते आणि घंटी वाजते. घंटी वाजली की माणसाने एक फेरी सुलट फिरवून चूक भरून काढायची, कॅरेज, म्हणजे खालच्या चक्रांचा सरकता भाग, एक घर सरकवायची आणि पुन्हा सुरुवात करायची. हातचा यंत्र घेतं. घंटी मात्र माणूस ऐकतो, आणि पुढे काय करायचं ते तोच ठरवतो. 'उत्तर शून्याखाली गेलं तर हे कर, नाहीतर ते कर' हे ठरवणं जेव्हा यंत्राकडे गेलं तेव्हा गणकयंत्राचा कॉम्प्युटर झाला. बॅबेजने ते छिद्रांच्या कार्डांवर योजून ठेवलं होतं, एनियाकमध्ये ते तारा जोडून करता येत होतं, आणि पुढच्या यंत्रांनी कामाची सगळी यादीच स्मृतीत ठेवली. तुमचे आजोबा त्या घंटीचं ऐकणारं अंग होते. म्हणून यंत्राचा इतिहास लिहिताना दांड्यामागच्या माणसाला वगळू नका. फार पूर्वीपासून इंग्रजीत 'कॉम्प्युटर' म्हणजे आकडेमोड करणारा माणूसच होता.

हा दुवा आपल्या दाराशीही येतो. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या गटाने १९५४ च्या अखेरीस एका लहान प्रायोगिक यंत्रावर काम सुरू केलं. ते १९५६ मध्ये चाललं. मग मोठं यंत्र बांधलं, ते १९६० मध्ये कामाला लागलं. जानेवारी १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं नामकरण केलं. सुमारे २,७०० ट्यूब, ४० द्विमान अंकांचा (फक्त ० आणि १) एक शब्द, म्हणजे यंत्र एका वेळी हाताळतं ती संख्या, आणि फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्यांची २,०४८ शब्दांची स्मृती. द्विमान पद्धतीत हातच्याचा नियम एवढासा: एक आणि एक शून्य, हातचा एक. पण ४० घरं आहेत, आणि सगळीकडे एक असताना आणखी एक मिळवला की हातच्याला ४० घरं ओलांडायची असतात. यंत्र वेगवान करायचं म्हणजे त्या प्रवासाचा वेळ वाचवायचा. संस्थेत टिफ्रॅक चालू होतं त्याच काळात शहरातल्या कचेऱ्यांमध्ये दांडे फिरत होते. एका युगाने दुसऱ्याला हटवलं असं वाचाल तेव्हा हे लक्षात ठेवा, दोन्ही बरीच वर्षं शेजारी नांदली. मी शिकायला लागलो तेव्हा टिफ्रॅक निवृत्त झालं होतं आणि ओडनर अजून दुरुस्तीला येत होते.

आता दुरुस्ती. आधी तीन गोष्टी तपासा, कारण अडलेल्या दहांतल्या निम्म्या यंत्रांना काही झालेलंच नसतं. कॅरेज दोन घरांच्या मध्ये थांबली आहे का? शून्यावर आणायचे कान (बाजूच्या पंखासारख्या चाव्या) पूर्ण फिरून जागेवर बसलेत का? समोरची एखादी तरफ दोन आकड्यांच्या मधोमध आहे का? यांतलं एकही अर्धवट असेल तर यंत्र मुद्दाम दांडा अडवतं, चुकीची बेरीज होऊ नये म्हणून. ते जागेवर बसवा आणि दांडा दोन बोटांनी हलवून पाहा.

तरीही अडला तर वाळलेलं वंगण. आवरणाचे स्क्रू काढा. डिसमिस खाचेत घट्ट बसणारा घ्या, नाहीतर खाच खराब होते. प्रत्येक पायरीला फोटो काढा. मऊ ब्रशने थोडं रॉकेल हातच्याच्या तरफांवर आणि जादा दातांवर लावा, यंत्र वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा. दोन-तीन दिवस लागले तर लागू देत. आकड्यांवर थिनर किंवा स्पिरिट नको, रंग निघून येतो. गंज सोडवायचे स्प्रे फवारू नका, ते आत जाऊन पुन्हा चिकटतात. सुटं झाल्यावर मुख्य दांड्याच्या बेअरिंगवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, बस.

मग परीक्षा. तरफांवर सगळीकडे ९ लावून एक फेरी, मग फक्त १ लावून एक फेरी. सगळी घरं शून्य होऊन डावीकडे १ आला पाहिजे. काही मॉडेलांत अगदी डावीकडच्या एक-दोन घरांपर्यंत हातचा मुळातच पोचत नाही, तो बिघाड समजू नका. मग १ वजा करा, नऊ परत यायला हवेत. कुठल्या घरात साखळी तुटते ते पाहिलंत की नेमकी कोणती तरफ चिकटली ते कळतं.

हे जमलं की ६२५ चं वर्गमूळ काढा. विषम संख्या ओळीने वजा करायच्या, एनियाकच्या वर्गमुळाच्या विभागातही हीच रीत होती. ६२५ चे गट ६ आणि २५. कॅरेज शतकाच्या घरावर आणून ६ मधून १ वजा, मग ३ वजा. उरले २, त्यातून ५ जात नाहीत. फेऱ्या झाल्या दोन. कॅरेज सरकवा. शेवटचा वजा केलेला अंक ३, त्यात एक मिळवून ४, त्यापुढे १ लिहून ४१. आता उरलेल्या २२५ मधून ४१, ४३, ४५, ४७, ४९ वजा करा, प्रत्येकाला दांड्याची एक फेरी. खालच्या घरांत शून्यं येतील आणि फेऱ्या मोजणाऱ्या घरांत २५ दिसतील. त्यानंतर याच रीतीने २ चं काढायला घ्या आणि चौथ्या अंकापर्यंत काय आलं ते मला कळवा. यंत्राचे आवरण काढलेले फोटोही पाठवा, डावीकडून एक आणि मागून एक.